निनांवी दुखण्याचें नांव

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. घरांतील सर्वजण निजलेले असतात. परंतु एक वडीलधारें माणूस अद्याप जागेंच असतें. पायांवरचें पांघरूण त्यानें केव्हांच दूर सारलेलें असतें. कारण मऊ धुतलेल्या चादरीचा स्पर्शही तळपायांना निखाऱ्यासारखा भासतो. मधून मधून तें उठतें आणि थंड फरशीवर पाय टेकून क्षणभर उभें राहतें. सकाळींच तें डॉक्टरांकडे जाऊन आलेलें असतें. डॉक्टरांनीं गुडघ्याखालीं हातोडी मारून पाहिली, कापसानें स्पर्श करून पाहिला, विजेच्या यंत्रानें ज्ञानतंतूंचा वेगही मोजून घेतला, आणि सर्व कांहीं ठीक असल्याचें सांगितलें. घरच्यांना हायसें वाटलें. ज्याचे पाय जळत होते त्याला मात्र हायसें वाटलें नाहीं. आपलें दुखणें खोटें ठरलें कीं काय, ही एक नवी काळजी घेऊन तें माणूस घरीं परतलें.

या दुखण्याला आज नांव आहे. सूक्ष्म ज्ञानतंतूंचा विकार असें त्यास मराठींत म्हणतां येईल. डॉक्टरमंडळी त्याला ‘स्मॉल फायबर न्यूरोपथी’ म्हणतात. हें नांव सांपडण्यास आणि तें पुराव्यानिशीं सिद्ध होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. या काळाचा इतिहास केवळ शरीरशास्त्राचा नाहीं. पुरावा हातीं येण्यापूर्वीं दुखणाइताच्या शब्दावर कोणीं कितपत विश्वास ठेवला, याचाही तो इतिहास आहे.

लक्षण मात्र फार जुनें आहे. चरकसंहितेंत प्रमेहाचीं पूर्वरूपें सांगतांना हातापायांचा दाह आणि बधिरता यांचा उल्लेख आलेला आहे. सुश्रुतानें वातव्याधींच्या प्रकरणांत पाददाह हा स्वतंत्र विकार म्हणून वर्णिला आहे. मधुमेह हें आज या विकाराचें सर्वांत अधिक आढळणारें कारण मानलें जातें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या प्राचीन वैद्यांच्या निरीक्षणाचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक नव्हता. रोग्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घेण्याची संवय मात्र होती.

सूक्ष्मदर्शकाचें युग आल्यावर १८३८ सालीं रॉबर्ट रेमाक या तरुण संशोधकानें ज्ञानतंतूंच्या जुडग्यांत दोन जातींचे तंतू असल्याचें दाखवून दिलें. एक जात जाड. विजेच्या तारेवर रबराचें वेष्टण असावें तसें तिच्यावर चरबीचें जाड वेष्टण. दुसरी जात अतिशय बारीक आणि या वेष्टणावांचून उघडी. तिच्या तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. रेमाक हा पोझेन प्रांतांतील ज्यू होता आणि त्या धर्मामुळें प्रशियाच्या विद्यापीठांत त्याला योग्य तें पद दीर्घकाळ मिळालें नाहीं. त्याच्या या बारीक तंतूंचें नशीबही कांहीं काळ तसेंच होतें. ते आहेत हें दिसलें. पण ते करतात काय, हें कोणास नीट सांगतां येईना.

आज तें सांगतां येतें. जाड तंतू हलका स्पर्श, कंप आणि पाय कोठें आहे याची जाणीव मेंदूकडे नेतात, आणि स्नायूंना हुकूम पोंचवितात. बारीक तंतूंकडे वेदना, उष्णता आणि थंडी यांच्या वार्ता असतात. त्यांच्यापैकींच कांहीं तंतू घाम, हृदयाची गति, रक्तवाहिन्यांचें आकुंचन आणि अन्नाचें पचन यांवर देखरेख करतात. बारीक तंतू बिघडले म्हणजे कोणाचे पाय जळतात, कोणाचे बधिर होतात, कोणाला उभें राहतांच भोंवळ येते, कोणाचा घाम आटतो. परंतु हातोडी, कापूस आणि वेग मोजणारें यंत्र हीं सर्व साधनें जाड तंतूंची परीक्षा घेणारीं आहेत. जाड तंतू निरोगी असले कीं तीं बिनधोक सर्व ठीक असा निर्वाळा देतात. डॉक्टर त्या वेळीं खोटें बोलत नसतात. प्रश्नच दुसऱ्याला विचारलेला असतो.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत या जळत्या वेदनेकडे प्रथमच पद्धतशीर लक्ष दिलें गेलें. फिलाडेल्फिया शहरांत टर्नर्स लेन नांवाच्या रुग्णालयांत ज्ञानतंतूंना गोळी लागलेले सैनिक एकत्र ठेवले जात. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोअरहाऊस आणि विल्यम कीन हे तिघे डॉक्टर त्यांची शुश्रूषा करीत. जखम भरून आली, हाड सांधलें, तरी हात किंवा पाय जळत राहतो, असें कित्येक सैनिक सांगत. कोरडा स्पर्श त्यांना सोसत नसे; म्हणून कोणी हाताभोंवतीं सतत ओलें फडकें गुंडाळी, तर कोणी बुटांतच पाणी ओतून चाले. १८६४ सालीं या तिघांनीं आपलीं निरीक्षणें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. ही इजा गोळीनें झालेली, म्हणजे ती सूक्ष्म तंतूंच्या विकाराहून निराळी खरी. पण दिसत नसलेली आग खरी असूं शकते, हें त्या पुस्तकानें वैद्यकाला शिकविलें.

त्याच वर्षीं त्याच तिघांनीं आणखी एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता, ज्ञानतंतूंच्या आजाराचें ढोंग करणारे सैनिक कसे ओळखावे हा. लढाई टाळण्याकरितां दुखण्याचें सोंग घेणारे लोक होतेच. त्यांना हुडकून काढणें हेंही या डॉक्टरांचें काम होतें. अर्थात् मिचेलनें सैनिकांवर ठेवलेला विश्वास हा भोळा विश्वास नव्हता. ज्या माणसाला संशय घेण्याचेंच काम होतें त्यानें पारखून ठेवलेला तो विश्वास होता, आणि म्हणूनच त्याला मोल आहे.

१८७८ सालीं मिचेलनें आणखी एका जळत्या दुखण्याला नांव दिलें. त्यांत गोळी नव्हती, जखम नव्हती. चालल्यानें किंवा ऊब लागल्यानें पाय लालबुंद होऊन भाजल्यासारखे दुखत, आणि गारव्यानें बरे वाटत. लाली, अवयव आणि वेदना या अर्थाचे तीन ग्रीक शब्द जोडून त्यानें त्यास ‘एरिथ्रोमेलाल्जिया’ म्हटलें. कारण त्याला सांगतां आलें नाहीं. तें सांपडलें २००४ सालीं, पेकिंगच्या संशोधकांना. वेदनेच्या बारीक तंतूंत सोडियमचे कण आंत घेणारीं सूक्ष्म द्वारें असतात. वंशपरंपरागत दोषामुळें हीं द्वारें गरजेपेक्षां सहज उघडलीं कीं तंतू विनाकारण आगीची वर्दी देऊं लागतो. नांव दिल्यापासून कारण सांपडेपर्यंत एकशें सव्वीस वर्षें गेलीं. २०१२ सालीं नेदरलंड्स आणि अमेरिका येथील संशोधकांना असेच दोष सूक्ष्म तंतूंच्या विकारानें पीडलेल्या कांहीं रोग्यांतही आढळले, आणि पूर्वीं ज्यांच्या दुखण्याचें कारणच सांगतां येत नव्हतें अशा कांहींना तें सांगतां आलें.

मिचेलच्या चरित्राची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. सैनिकांचें ऐकणारा हाच डॉक्टर पुढें थकव्याच्या आणि उदासीनतेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांना कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवून, आप्तांपासून दूर ठेवून, दूध पाजून ‘विश्रांतीचा उपचार’ करीत असे. शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेवर १८८७ सालीं त्यानें हा उपचार केला, आणि तिची प्रकृति सुधारण्याऐवजीं ढासळली. त्या अनुभवावरून तिनें लिहिलेली एक कथा १८९२ सालीं प्रसिद्ध झाली, ती आजही वाचली जाते. गणवेषांतील पुरुषाच्या शब्दाला जें वजन मिळालें तें घरांतील स्त्रीच्या शब्दाला मिळालें नाहीं. ही गोष्ट फिलाडेल्फियापुरतीच आहे असें कोणत्याही घरानें मानूं नये.

बारीक तंतूंचें कार्य यंत्रानें दिसूं लागलें तें विसाव्या शतकांत. सेंट लुई येथें जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर यांनीं १९२२ च्या सुमारास ज्ञानतंतूंतील क्षीण विद्युत्‌लहर एका काचेच्या नळीच्या पडद्यावर उमटविण्याची युक्ति साधली. एकाच जुडग्यांतून निरनिराळ्या वेगांच्या लहरी जातात, हें त्यांनीं दाखविलें. सर्वांत जाड तंतूंतून वार्ता सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धांवते. सर्वांत बारीक तंतूंतून ती सेकंदाला सुमारें एक मीटर, म्हणजे पायीं चालणाऱ्या जासुदाच्या वेगानें जाते. ठेंच लागतांच प्रथम एक तीक्ष्ण कळ येते आणि मग क्षणभरानें खोल, जळजळणारी ठणक येते, हा अनुभव कोणास नाहीं? ती दुसरी ठणक या जासुदानें आणलेली असते. १९४४ सालीं या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

यानंतरची हकीकत पोर्तुगालच्या समुद्रकिनाऱ्यावर घडली. पोर्टो शहराच्या उत्तरेस पोव्हुआ द व्हार्झिं नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. सालाझारच्या हुकुमशाहीचा तो काळ. याच राजवटीखालीं १९६१ पर्यंत आपलें गोमंतकही होतें. पोर्टोच्या सांतु आंतोनियु रुग्णालयांत कोरिनु द आंद्राद हा ज्ञानतंतुविकारांचा डॉक्टर काम करीत असे. त्याचा जन्म १९०६ चा. स्ट्रासबुर्ग येथें शिक्षण घेऊन तो १९३८ सालीं मायदेशीं परतला होता. १९३९ सालीं पोव्हुआची एक सदतीस वर्षांची स्त्री त्याच्याकडे आली. तिच्या पायांना ऊन-गार कळेनासें झालें होतें आणि दुखणें वर वर सरकत होतें. ज्ञात असलेल्या कोणत्याच रोगांत तें बसेना. आंद्रादनें तें बळेंच कोणत्या तरी नांवाखालीं कोंबलें नाहीं. पुढें तशाच लक्षणांचे आणखी रोगी त्याच किनाऱ्यावरून येऊं लागले. तेथील कोळ्यांना मात्र हें दुखणें नवें नव्हतें. आपल्या भाषेंत ते त्याला ‘लहानग्या पावलांचा रोग’ म्हणत. आई गेली, मामा गेला, आतां मुलगा चालला, हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें होतें. शास्त्राच्या आधीं लोकांनींच त्याला नांव देऊन ठेवलें होतें.

तेरा वर्षांनीं, १९५२ सालीं, आंद्रादनें लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. या रोगांत एक प्रकारचें प्रथिन ज्ञानतंतूंत साचत जातें. प्रथम बारीक तंतू निकामी होतात. म्हणून वेदना आणि तापमान यांची जाणीव आधीं जाते, स्पर्श मागाहून. मग पचन बिघडतें, पाय लुळे पडतात. तिशीच्या आगेमागें सुरू झालेला हा रोग साधारण दहा वर्षांत माणसाला घेऊन जात असे, आणि आईबापांपैकीं एकाला तो असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असे.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या रोगावर औषध नाहीं त्याचें नांव सांगून उपयोग काय? १९३९ पासून १९९० पर्यंत, म्हणजे एक्कावन्न वर्षें, या रोगाची वाट अडविणारा कोणताही उपाय डॉक्टरांपाशीं नव्हता. आपल्या पावलांची जाणीव मंदावलेली पाहून तिशीच्या कोळ्याला पुढचें सारें कळून चुके. अशा वेळीं नांव म्हणजे वरदान नव्हे. परंतु नांव नसतें तर पुढील कांहींच घडलें नसतें. नांवामुळें विखुरलेले रोगी एक झाले. जपान आणि स्वीडन येथेंही तोच रोग असल्याचें ओळखतां आलें. १९८४ सालीं पोर्तुगीज रोग्यांतील त्या प्रथिनाचा नेमका दोष कळला: त्याच्या सांखळींतील तिसाव्या जागेचा एकच दुवा बदललेला. हें प्रथिन मुख्यतः यकृतांत तयार होतें, म्हणून १९९० सालीं स्वीडनमध्यें यकृत बदलण्याचा उपाय प्रथम करण्यांत आला. २०११ सालीं युरोपांत प्रथिनाला स्थिर ठेवणाऱ्या गोळीस मान्यता मिळाली, आणि २०१८ सालीं तें तयार होणेंच रोखणारें औषध आलें. आंद्राद २००५ सालीं, नव्याण्णवाव्या वर्षीं वारला. यकृतबदलाचा उपाय त्याच्या डोळ्यांदेखत आला. गोळी पाहण्यास तो राहिला नाहीं.

हा वंशपरंपरागत रोग विरळा आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तळपाय जळणाऱ्या बहुसंख्य लोकांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नसतो. त्यांच्यासाठीं निर्णायक ठरलें तें दुसरेंच संशोधन. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिनेसोटा आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांत, तसेंच युरोपांत, त्वचेच्या अगदीं वरच्या थरांतील तंतू रंगवून मोजण्याची रीत सिद्ध झाली. घोट्याच्या वर जागा बधिर करून अवघ्या तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात, ज्ञानतंतूंतील विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या द्रव्यानें तो रंगवितात, आणि दर मिलिमीटरला किती तंतू आहेत हें मोजून त्या वयाच्या निरोगी माणसाशीं ताडून पाहतात. २००५ सालीं युरोपांतील तज्ज्ञांच्या संस्थेनें या परीक्षेचे नियम घालून दिले. ज्या पायांबद्दल सर्व ठीक असा निर्वाळा मिळाला होता, त्यांच्या त्वचेंत तंतू विरळ झालेले आतां डोळ्यांनीं दिसूं लागले.

असें निदान हातीं पडतें त्या दिवशीं मनाची स्थिति चमत्कारिक होते. प्रथम एक समाधान वाटतें: आपण खोटें बोलत नव्हतों. त्यापाठोपाठ भीति येते: आतां पुढें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें दिलें आहे; दुसऱ्याचेंही बरेंचसें उत्तर आज देतां येतें. विकार सूक्ष्म तंतूंपुरताच असला तर स्नायूंचें बळ सहसा टिकून राहतें, आणि बहुतेकांत दुखणें वाढलें तरी सावकाश वाढतें. कारणाचा शोध प्रथम घ्यावयाचा असतो. मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा दोष, मद्य, कांहीं औषधें, शरीराच्या संरक्षक यंत्रणेचे विकार, हीं त्यांतील कांहीं कारणें होत. पुष्कळांत कारण सांपडतच नाहीं. पण तो रोग्याचा अपराध नव्हे. मधुमेहाच्या पूर्वावस्थेंतील रोग्यांनीं वर्षभर आहार संभाळला आणि व्यायाम केला, तेव्हां त्यांच्या त्वचेंतील तंतू कांहीं अंशीं पुनः वाढल्याचें अमेरिकेंतील यूटा येथील संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें. झिजलेले तंतू पुनः फुटूं शकतात, हा दिलासा लहान नाहीं.

वेदना कमी करणाऱ्या औषधांबद्दल घरोघर एक गैरसमज होतो. डॉक्टर लिहून देतात ती गोळी मुळांत उदासीनतेवरची किंवा फेफऱ्यावरची निघते, आणि मग आपल्याला मनाचा रोग ठरविला असें दुखणाइताला वाटूं लागतें. वस्तुस्थिति अशी कीं अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन हीं औषधें ज्ञानतंतूंची आणि मज्जारज्जूची अकारण चळवळ शांत करतात. म्हणून तीं येथेंही उपयोगी पडतात. तीं आग कमी करतात, तंतू नवे करीत नाहींत. मात्रा हळूहळू वाढवावी लागते आणि फळ दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत गुण नाहीं म्हणून गोळी टाकून देणें ही घाई होय.

उरतें तें घरचें काम. पायांना उष्ण कळत नसेल तर स्नानाचें पाणी दुसऱ्यानें हात घालून पाहावें, गरम पाण्याची पिशवी पायांशीं ठेवूं नये, अनवाणी चालूं नये. रोज रात्रीं तळपाय उजेडांत पाहावे. कांटा रुतला तरी कळत नाहीं अशा पायांचे पहारेकरी डोळेच असतात. उठतांना भोंवळ येत असेल तर आधीं कांठावर बसून मग उभें राहावें. चादरीचा भार सोसत नसेल तर पायांशीं एखादी चौकट उभी करून तीवर पांघरूण घालावें.

यांत कोणतीही गोष्ट खर्चाची नाहीं. परंतु तीं सर्व कोणी तरी खरें मानल्यावरच सुचतात. फिलाडेल्फियाच्या सैनिकांच्या बुटांतलें पाणी पाहून मिचेलला त्यांच्या आगीची कल्पना आली. पोव्हुआच्या कोळ्यांचें दुखणें आंद्रादनें उगाच दुसऱ्या रोगाच्या नांवावर खपविलें नाहीं. तेरा वर्षें तो तें पाहत राहिला. दोघांपाशींही त्या वेळीं त्वचेचा तो तीन मिलिमीटरचा पुरावा नव्हता. रात्रीं अकरा वाजतां फरशीवर पाय टेकून उभ्या राहिलेल्या माणसाजवळही पुष्कळदां तो अद्याप नसतो. तो येईपर्यंत घरांतील कोणी तरी उठावें, दिवा लावावा आणि पाय कोठें, कसे जळतात तें एकदां सावकाश विचारून घ्यावें. पुढच्या वेळीं डॉक्टरांकडे जातांना हीच माहिती बरोबर न्यावयाची असते.